ट्रक ओलांडताना छोटी गाडी का हलते?

सात-आठशे किलोची हॅचबॅक एक्सप्रेसवेवर ट्रकच्या आडोशाला असते तोवर स्थिर वाटते. केबिनच्या पुढे निघाली की आडवा वारा आणि ट्रकने ढकललेली हवा एकदम अंगावर येते, गाडी हातभर सरकते. बोगद्यातून बाहेर पडतानाही हेच होतं. घाबरून स्टीअरिंग झटकू नका, खरा अपघात तिथेच होतो. दोन्ही हात स्टीअरिंगवर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल, स्टीअरिंग अगदी थोडं वाऱ्याकडे. वारा जोरात असेल तर सरळ ८० वर या.

निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा भरा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असेल तेवढीच. जड बॅगा डिकीत तळाशी, मागच्या सीटला टेकवून. टपावर काहीही नको.