बाळंतपणासाठी डौला ठेवावी का? ठरवण्याआधी एवढं करा

माझ्या पहिल्या बाळंतपणात लेबर रूमचं दार लागलं आणि आई रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून राहिली. नर्स येत, तपासत, दुसऱ्या बाईकडे जात. सगळं सुखरूप पार पडलं, पण त्या रात्रीचं एकटेपण अजून आठवतं. म्हणून आता कुणी डौलाबद्दल, म्हणजे बाळंतपणात पैसे घेऊन सोबत करणाऱ्या प्रशिक्षित बाईबद्दल, विचारलं की मी आधी एकच विचारते: कळा सुरू झाल्यावर तुझ्याजवळ आत कोण असणार?

डौला म्हणजे सुईण नव्हे. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही. कंबर चोळणं, शेकणं, श्वासाची लय धरून देणं, कूस बदलायला लावणं, डॉक्टर काय म्हणाले ते शांतपणे पुन्हा सांगणं हे तिचं काम. हे किरकोळ समजू नका. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बऱ्याच वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात, १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती होती. ज्यांना कळांमध्ये सतत सोबत मिळाली, त्यांच्यात सिझेरियनचं प्रमाण कमी दिसलं. ही सोबत काहींना डौलाची होती, काहींना घरच्या माणसाची.

१. दवाखान्याला विचारा. हे सातव्या महिन्यातच करा. आत किती जणांना सोडता? रात्रीही? बाहेरची डौला चालेल का? सिझेरियन ठरलं तर ती कुठे थांबेल? एकालाच परवानगी असेल तर डौला आत आणि आई किंवा नवरा बाहेर, असं होईल. ते तुम्हाला चालणार आहे का? सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली आहे. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, ही त्यातली एक अट. जिल्हा रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात नाव असेल तर तिथल्या सिस्टरांना हे आवर्जून विचारा.

२. घरातलं माणूस बघा. माहेरी आला असाल तर आई, मावशी, वहिनी यांच्यापैकी रक्त बघून न घाबरणारी, तुमच्यावर न ओरडणारी कोण आहे? असेल तर तिला तपासणीला सोबत न्या, कंबर कशी दाबायची ते दाखवा. मग डौला नसली तरी चालेल. घरात असं कुणी नसेल किंवा आधीच्या बाळंतपणाची भीती मनात बसली असेल, तर मात्र मी डौलाच्या बाजूने आहे.

३. डौलाला प्रत्यक्ष भेटा. प्रशिक्षण कुठे घेतलं, किती बाळंतपणांत सोबत केली, त्याच दिवशी दुसरीकडे अडकली तर बदली कोण, हे विचारा. ती मुंबईहून नाशिककडे येणार असेल तर कसाऱ्याच्या घाटातला खोळंबा धरून चाला. “नॉर्मल करूनच देते” म्हणणारी, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणारी किंवा “घरीच थांब अजून” म्हणून अडवणारी नको.

४. पैशांचं लिहून घ्या. किती भेटी, किती तास, ती पोचायच्या आत बाळ झालं तर काय. फोनवरच्या सोबतीचे पैसे वेगळे का, तेही.

ठरलं की डौलाची डॉक्टरांशी एकदा गाठ घालून द्या आणि तिचं नाव फाइलवर लिहून घ्या. आणि रक्तस्राव झाला, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ला फोन करा. डौलाला वाटेत कळवलं तरी चालतं.