ट्रकचं नाक वर करायचंय? बोल्टला पाना लावायच्या आधी हे वाचा

इकडे अमेरिकेत पिकअप घेतली की आपल्या लोकांचा पंधरा दिवसांत ठरलेला प्रश्न येतो, अरे ही पुढून अशी वाकल्यासारखी का दिसते, नाक खाली आणि मागून उचललेली. ते मुद्दाम केलेलं असतं हो. मागे लोड टाकला किंवा ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात आणि मग गाडी सरळ होते. पण रिकामी गाडी घेऊन हिंडणारे आपण, आपल्याला ती आत्ता सरळ दिसायला हवी असते, त्यालाच इकडे लेव्हल करणं म्हणतात.

माझ्याकडे २००६ ची शेवरले सिल्वराडो २५०० एचडी आहे, फोर बाय फोर, आणि सगळं त्याच गाडीवरून सांगतोय. हिच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे एक लांब पोलादी दांडा ज्याचं पुढचं टोक खालच्या कंट्रोल आर्ममध्ये, म्हणजे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या हातामध्ये, अडकवलेलं आणि मागचं टोक चेसिसच्या आडव्या मेंबरमध्ये एका की मध्ये, म्हणजे तरफेसारख्या शेपटीवाल्या लोखंडी तुकड्यात, बसलेलं. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो, स्प्रिंगचं काम तो पीळच करतो. जुन्या टाटा सफारीलाही पुढे टॉर्शन बारच होते, त्यामुळे गावाकडे कुणी ती वापरली असेल तर हे ओळखीचं वाटेल. की च्या शेपटाखाली एक बोल्ट असतो, तो आवळला की गाडी पुढून वर येते. इतकं सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच लोक गाडीची वाट लावतात.

मी पण लावली होती. पहिल्या वेळी बोल्ट जाईल तितका आवळला, जवळजवळ तीन इंच उचलली, दिसायला एकदम झकास. पण प्रत्येक खड्ड्यात खाडकन आवाज. मला वाटलं स्प्रिंग कडक झाली, सगळे तसंच म्हणतात, पण बोल्ट आवळून टॉर्शन बार कडक होत नाही, त्याचा कडकपणा जाडी आणि लांबीवर ठरलेला असतो, तुम्ही बदलता ती फक्त उंची. खरा घोळ वेगळाच. चाकाला जसं वर जायला जागा लागते तशी खाली लटकायलाही लागते, आणि गाडी जितकी वर उचलाल तितकी ती खालची जागा संपते. मग खड्डा आला की चाक खाली जायला बघतं आणि शॉक अब्सॉर्बर पूर्ण ताणून अडतो, नाहीतर वरचा कंट्रोल आर्म त्याच्या स्टॉपवर आपटतो. त्यात सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सांधे, तिरके चालायला लागतात, बॉल जॉइंट (चाक आणि आर्ममधले सांधे) आणि टाय रॉडचे (चाक वळवणाऱ्या दांड्यांचे) अँगल बिघडतात. वर्षभरात माझा एक सीव्ही बूट, म्हणजे त्या सांध्यावरचं रबरी आवरण, फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं, स्टीअरिंगला आधार देणारा आयडलर आर्म ढिला आणि टायर करवतीसारखे झिजलेले. खर्च विचारू नका.

तेव्हापासूनचं माझं मत असं की लेव्हल म्हणजे पुढच्या आणि मागच्या उंचीतला फरक घालवणं, मग तो सगळा पुढच्याच माथी का मारायचा? ट्रेलर ओढत नसाल तर मागच्या एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये जो लोखंडी ब्लॉक असतो तो काढून कमी उंचीचा टाका, सोबत त्या मापाचे यू बोल्ट नवीन घ्या, जुने परत वापरू नका. मागून एक इंच खाली, पुढून एक इंच वर, झालं काम, पुढच्या पार्टना फारसं कळतही नाही. ट्रेलर ओढत असाल तर मात्र मागे हात लावू नका, आणि खरं सांगायचं तर लेव्हलच करू नका.

आता पुढचं काम. सपाट फरशीवर गाडी लावा, चारही टायरची हवा बरोबर करा, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत चारही चाकांवर माप घेऊन लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात मिसळते. मग चेसिसखाली जॅक लावून पुढची चाकं लटकू द्या आणि स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाकं लटकली की बोल्टवरचा बराचसा ताण उतरतो. बोल्टच्या आट्यांना अँटी सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, डोक्यावर पेंटने खूण करा आणि दोनच फेरे द्या.

गाडी खाली घेतली की लगेच मोजू नका! टायर जमिनीला धरून राहतात आणि गाडी खोटी उंच दिसते, गल्लीतून एक चक्कर मारून या, मग मोजा. परत दोन फेरे, परत चक्कर. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही. दोन्ही बाजूंचे फेरे सारखेच हवेत असं काही नाही, माप सारखं यायला हवं, ड्रायव्हरची बाजू बऱ्याचदा थोडी जास्त बसलेली असते.

कुठे थांबायचं? मी दीड इंचाच्या वर जात नाही. आणि एक चाचणी करतो, चेसिस हळूहळू जॅकने उचलत चाक जमीन सोडेपर्यंत हबपासून फेंडरचं माप किती वाढतं ते बघतो. दोन इंच तरी वाढलं पाहिजे. कमी भरलं तर बोल्ट मागे फिरवायचा, दिसणं गेलं खड्ड्यात. याहून उंच हवीच असेल तर लांब शॉक आणि पुढचा डिफरन्शियल (दोन्ही पुढच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) खाली घेणारं किट घ्या, म्हणजे सीव्हीचा तिरकेपणा कमी होतो.

दुकानात लेव्हलिंग की म्हणून ज्या मिळतात त्यांत जादू काही नाही, फक्त खाचेचा कोन बदललेला असतो. तेवढ्याच उंचीला मूळ की आवळली काय नि ही टाकली काय, सस्पेन्शनला फरक शून्य. आणि की बदलायची म्हणजे टॉर्शन बारचा ताण पूर्ण सोडावा लागतो, त्याला वेगळं अनलोडिंग टूल लागतं. साध्या सी क्लॅम्पने करायला जाऊ नका, तो सुटला तर हात जाईल नाहीतर जीव.

मिशिगन मिनेसोटाकडे बर्फ बाजूला सारायचा नांगर गाडीपुढे लावणारे हिवाळ्यात पुढून गाडी उचलून ठेवतात, नांगराच्या त्या सातशे आठशे पाउंड वजनासाठी ते ठीकच, पण नांगर उतरवल्यावर एप्रिलमध्ये बोल्ट परत मागे घ्यायला विसरतात आणि उन्हाळाभर वरच्या कंट्रोल आर्मच्या स्टॉपवर आपटत फिरतात.

काम झालं की त्याच आठवड्यात अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बरोबर लावून घेणं. उंची बदलली की टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत) आणि कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) दोन्ही हलतात, आणि टायर खाणारा मुख्यतः टोच. पण त्याआधी स्टीअरिंगचे पार्ट म्हणजे पिटमन आर्म, आयडलर आर्म, टाय रॉड हाताने हलवून बघा, ढिल्या पार्टवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. निपल असतील तिथे ग्रीस मारा. हेडलाइट पण खाली करून घ्या, नाक वर आलं की उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो. दोन तीन आठवड्यांनी परत एकदा मोजा, माझी तर दर वेळी पाव इंच बसतेच.