टीबीचं काम: वस्तीतली संस्था आणि सरकारी दवाखाना यांची सांगड

आधी हद्द पाहा. रुग्ण जनता वसाहतीत राहत असेल तर पुणे महापालिका, वाकडला पिंपरी-चिंचवड, खडकी बाजारात कॅन्टोन्मेंट, मुळशीतल्या गावात जिल्हा परिषद. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो तिथेच पडून राहतो. त्या हद्दीच्या क्षयरोग अधिकाऱ्यांना भेटा आणि कोणत्या वस्त्या तुमच्याकडे, कागद कुणाकडे द्यायचा, हे लेखी ठरवून घ्या. आशाताई जिथे आधीच फिरतात तिथे त्यांच्यासोबत जा. एकाच घरी दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर लोक दोघांचंही ऐकत नाहीत.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं: अशांना बेडका तपासायला पाठवा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक लाळ देतात. आधी चूळ भरायला लावा, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगा, तेही उघड्यावर, घरात नाही. दोन नमुने लागतात, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.

टीबी निघाला की दवाखाना निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करतो. तो निक्षय क्रमांक तुमच्या वहीत हवाच, कारण त्याशिवाय दवाखान्याशी बोलणं पुढे सरकत नाही.

साध्या, म्हणजे नेहमीची औषधं लागू पडणाऱ्या, टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मात्रा वजनावर ठरते. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर घाबरून औषध बंद होतं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नाहीत किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पोषणासाठी सरकार नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये देतं. खातं आधारशी जोडलेलं नसेल किंवा बंद पडलं असेल तर पैसे अडकतात, म्हणून पासबुक पहिल्याच भेटीत पाहा. संस्थेला शिधा द्यायचा असेल तर निक्षय मित्र, म्हणजे रुग्णाला मदत करणारी संस्था, म्हणून नोंद करा. त्यासाठी रुग्णाची संमती लागते. शिधा घेतानाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यापायी खोली सोडावी लागलेली माणसं पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

दिवाळी आणि ऊसतोडीच्या सुमारास गावी जाणाऱ्यांची यादी आधीच करा. कुठल्या तालुक्यात जाणार ते दवाखान्याला कळवलं तर निक्षयवर बदली होते आणि वाटेपुरत्या गोळ्याही मिळतात.