कोरी कॅटफिश : पावसाळ्यात अंडी सोपी, पिल्लं जपायची

मृग-आर्द्राचा पाऊस कोल्हापुरात एकदा लागून राहिला की घरातल्या टँकचं पाणी हीटर न लावता २३ ते २५ अंशांवर येऊन थांबतं. कोरी कॅटफिशला यापेक्षा चांगला हंगाम नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्या-नद्यांचा, आणि तिथंही पावसाचं गार, मऊ पाणी आलं की तो विणीला लागतो. परसात किंवा गच्चीवर दोन-चार टाक्या मांडून जोडधंदा बघणाऱ्यांनी ब्राँझ नाहीतर पेपर्ड कोरीपासून सुरुवात करावी. महागड्या जातींच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नये.

एका मादीमागे दोन नर ठेवा. आठ-दहा दिवस चांगलं खायला घाला. मादी वरून बघितली तर पोटाशी रुंद दिसू लागते. मग बाहेर पावसाची झड लागली असेल त्या दिवशी टँकचं एक तृतीयांश पाणी काढून तीन-चार अंश गार पाणी भरा. पावसाचं पाणी वापरायचं तर पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन जाऊ द्या, पत्रा गंजका असेल तर ते पाणी घेऊच नका. निव्वळ पावसाचं पाणीही नको, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामू (पीएच) झटक्यात खाली येतो. बोअरचं जड पाणी निम्मं मिसळलं की काम होतं. नळाचं पाणी असेल तर एक लक्षात ठेवा : या दिवसांत नदी गढूळ असते, त्यामुळं क्लोरीनचा डोसही वाढतो. हायपो (क्लोरीन मारणारं औषध) टाकल्याशिवाय नळाचं पाणी टँकमध्ये सोडू नका.

आता हाताळणी. नदीतला शिंगाळा जाळ्यातून सोडवलेल्याला काट्याचा इंगा सांगायला नको. कोरीचंही तेच, फक्त आकार लहान. घाबरला की पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे ताठ करून तो कुलूप लावतो. बारीक जाळीत हे काटे अडकले की ओढाओढी करायची नाही. जाळी पाण्यातच धरा, मासा सैल पडतोय का बघा, नाहीतर सरळ कात्रीनं जाळी कापा. जाळी पन्नास रुपयांत मिळते, मोडलेला काटा घेऊन मासा मात्र बुरशीनं जातो. माझं मत विचाराल तर जाळी वापरूच नये, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात हळूच हाकलून घ्यावं. काटा बोटाला लागला तर ठणका मारतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेवा. सूज वाढली तर डॉक्टरकडे जा.

मादी दोन-चार अंडी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरून काचेवर किंवा पानावर चिकटवते. मोठे मासे तीच अंडी खातात, म्हणून अंडी वेगळी करावीच लागतात. काही तासांत ती टणक होतात, मग जुन्या एटीएम कार्डानं काचेवरून अलगद सोडवता येतात. वेगळ्या डब्यात फिकट निळं दिसेल इतकंच मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) टाका आणि एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड मंद चालू ठेवा. पांढरी पडलेली अंडी रोज काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते. तीन ते पाच दिवसांत पिल्लं फुटतात.

इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. पिल्लं जातात ती पुढच्या दोन आठवड्यांत, आणि कारण बहुधा तळ. कोरीचं पिल्लू तळाला पोट टेकून बसतं. त्याच तळावर उरलेलं खाणं कुजून बुळबुळीत थर धरतो. म्हणून पिल्लांच्या डब्यात खडी घालू नका, तळ उघडा ठेवा, पाणी सहा इंचांच्या आत ठेवा. स्पंज फिल्टर पुरेसा आहे. रोज तळावर बोट फिरवून बघा, निसरडं लागलं की पुसा. एअर पंपाच्या बारीक नळीनं तळ ओढून पाणी पांढऱ्या बादलीत सोडा, म्हणजे चुकून आलेलं पिल्लू लगेच दिसतं. रोज पाव पाणी बदला, पण मोठ्यांना चालतं ते गार पाणी पिल्लांना अजिबात नको, डब्याच्याच तापमानाचं भरा.

पहिले एक-दोन दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं, तेव्हा काही घालू नका. नंतर मायक्रोवर्म (अगदी बारीक जंत) आणि ताजा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची अंड्यांतून नुकतीच फुटलेली पिल्लं), दिवसातून तीन-चार वेळा चिमटीचिमटीनं. आर्टेमिया लिटरला २५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात फुटतो. पावसाळी गारव्यात त्याला २४ ऐवजी ३६ तासही लागतात, तेव्हा बाटली बल्बजवळ ठेवा आणि घालण्याआधी गोड्या पाण्यात धुऊन घ्या. गटारीतले ट्युबिफेक्स (बारीक लाल जंत) या दिवसांत घरात आणू नयेत.

ब्रिसलनोज (काचेला तोंडानं चिकटणारा छोटा सकर कॅटफिश) पाळायचा तर काम याहून सोपं. पीव्हीसी पाइपचा तुकडा द्या, अंडी नरच राखतो, त्याला हलवू नका. पिल्लं फिरायला लागली की वाफवलेली काकडी किंवा दुधी. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली भाजी आधी खळखळून धुवा, औषधाची फवारणी माशांना सोसत नाही. रात्री टाकलेला तुकडा सकाळी काढायचाच.

पंचगंगेला पूर आला की उपसा केंद्रं बुडून नळ बंद पडतात, हे २०१९ आणि २०२१ मध्ये सगळ्या शहरानं बघितलंय. जुलै लागताच हायपो टाकलेलं पाणी पिंपात झाकून ठेवा. लाईटचा भरवसा नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप आणा. मोठा कोरी वर येऊन हवा गिळून वेळ मारून नेतो, पिल्लांना ते झेपत नाही.

दोन-अडीच महिन्यांत पिल्लू इंचभर होतं, तेव्हा विकायला काढा. आदल्या दिवशी उपाशी ठेवा. पकडल्यावर अर्धा तास बादलीत राहू द्या, घाबरलेला कोरी अंगातून विषारी स्राव सोडतो, तो त्या पाण्यातच जाऊ दे. मग नव्या पाण्यात, दुहेरी पिशवीत, कोपरे टेपनं बंद करून भरा. जास्तीची पिल्लं किंवा वाढून बसलेला मोठा सकर रंकाळ्यात, कळंब्यात कुठंही सोडू नका. आंध्र, तमिळनाडू आणि पश्चिम बंगालच्या तळ्यांत सोडलेल्या सकरनं मच्छीमारांची जाळी फाडायला सुरुवात केली आहे. दुकानदार परत घेत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला फुकट द्या.