आमसभेची तारीख आधी धरा

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कामकाज मी पाहतो. सभासद 412. गावात अजूनही आम्हाला ‘गट’च म्हणतात, पण कायद्याच्या लेखी ही कंपनी आहे. तूर-सोयाबीनचा एक दाणा विकला नाही, तरी कागद भरावेच लागतात.

तिसऱ्या वर्षी आम्ही चुकलो. ताळेबंदाचा फॉर्म 140 दिवस उशिरा, वार्षिक विवरणाचा 110 दिवस. प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये, त्याला वरची हद्द नाही. 25,000 गेले. साडेतीन क्विंटल तूर समजा.

तेव्हापासून मी आमसभेची तारीख आधी धरतो. पोळ्यानंतर आणि सोयाबीनच्या सोंगणीआधी जी फट मिळते ती, म्हणजे साधारण 20 सप्टेंबर. तिथून उलटं मोजायचं. नोटीस किमान 14 दिवस आधी जावी लागते आणि तिच्यासोबत ऑडिट झालेला ताळेबंद, मागच्या सभेचं इतिवृत्त, विषयपत्रिका जोडावी लागते. म्हणजे ऑगस्टअखेर ऑडिट हातात हवं. म्हणून बिलं-पावत्यांची पिशवी मी मे महिन्यातच सीएकडे टाकतो. पेरणी लागली की कोणी सही करायलाही सापडत नाही.

गणपूर्ती हा खरा घोर. नियमावलीत जास्त आकडा नसेल तर एक-चतुर्थांश सभासद लागतात, आमचे 103. “काहून येऊ भाऊ, वावरात कामं पडले,” हे ऐकून ऐकून मी सभा सकाळी आठला ठेवली, बियाण्याचा हिशेबही तिथंच वाटतो. लोक येतात. हजेरीवहीवर सही घेतल्याशिवाय कोणाला चहा नाही!

आता पुढचं मोजा. त्या वर्षी नवा लेखापरीक्षक नेमला असेल तर त्या नेमणुकीचा फॉर्म, एडीटी-1, सभेपासून पंधरा दिवसांत, म्हणजे 5 ऑक्टोबर. ताळेबंदाचा फॉर्म, एओसी-4, तीस दिवसांत, 20 ऑक्टोबर. वार्षिक विवरणाचा, एमजीटी-7 किंवा 7ए, साठ दिवसांत, 19 नोव्हेंबर. मधे दिवाळी येते, सीएचं ऑफिस बंद असतं, हे विसरू नका. सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि ते दुसऱ्या कंपनीतही संचालक होऊ शकत नाहीत.

संचालक मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा, वर्षात किमान चार. बैठक झाल्यावर त्याच आठवड्यात इतिवृत्त लिहा. मार्चमध्ये चारही एका पेनानं लिहिलेली वही ऑडिटरला लगेच ओळखू येते.

नवी कंपनी असेल तर भागभांडवल खात्यात जमा करून आयएनसी-20ए, म्हणजे व्यवसाय सुरू केल्याच्या घोषणेचा फॉर्म, नोंदणीपासून 180 दिवसांत भरा. नाही तर उत्पादक कंपनीला 25,000 पर्यंत दंड.

राहिलं डिजिटल सहीचं टोकन. आमच्या एका संचालकाचं टोकन एओसी-4 च्या शेवटच्या दिवशी मुदत संपलेलं निघालं, आणि ओटीपी ज्या नंबरवर जायचा तो मोबाईल पोराकडे पुण्यात. आता जुलैतच सगळ्यांची मुदत तपासतो. टोकन माझ्या कपाटात, पिन ज्याचा त्याच्याकडे.