जुन्या जीपचा प्रोपेलर शाफ्ट उघडताय? या चुका टाळा

मंगळवेढ्याच्या रानातून जीप बाहेर काढली, हायवेला लागलो आणि साठच्या पुढे सीटखाली अशी थरथर सुरू झाली की म्हटलं, गेला क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा. सोलापूरला घरी येऊन खाली वाकून बघितलं, तर प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, नळीला एका अंगाने काळी माती थापून वाळलेली. पाण्याचा पाइप मारला, थरथर गायब. टायरचा घेर 2.2 मीटर आणि डिफ्रन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) गुणोत्तर 4.5 धरलं, तर ताशी 60 किमीला हा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांवर फेरे मारतो. त्या वेगाला मूठभर मातीसुद्धा पुरते. तेव्हा आधी धुवा, मग निदान करा.

थरथर स्टीअरिंगला जाणवत असेल तर आधी चाकं बघा, सीटला आणि फरशीला जाणवत असेल तर शाफ्ट. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘टक्’ होतं, ते कुठल्या तरी ढिल्या सांध्याचं. हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर क्रॉसमधले नीडल रोलर (सुईसारख्या बारीक बेअरिंगच्या कांड्या) कोरडे पडलेत. हे रोलर ज्या टोपीत बसतात त्या कपाच्या कडेला शेंगाचटणीसारखी तांबूस भुकटी दिसली की वाद संपला, तो क्रॉस बदलायचा.

पण क्रॉस बदलूनही ‘टक्’ जात नाही, अशी रडगाणी बरीच ऐकू येतात. क्रॉसच्या नादात स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) कुणी बघितलेलीच नसते. शाफ्ट जिथे आत-बाहेर सरकतो तिथे धरून वर-खाली हलवा. तिथे गाळा, म्हणजे ढिलेपणा, असेल तर नवा क्रॉस टाकून काही होणार नाही, तो जोडच बदलावा लागेल. आणि डिफ्रन्शियलच्या तोंडाशी पिनियनच (शाफ्टचा फेरा आत नेणारा दातेरी दांडा) हलत असेल तर दुखणं शाफ्टचं नाही. तिथला मोठा नट ‘जरा आवळून’ बघू नका. बेअरिंगवरचा ठरलेला दाब बिघडतो आणि दोनशेचं काम हजारोंवर जातं.

आता माझी फजिती. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) पाठीमागे असतो. म्हणजे हँडब्रेक चाकांना धरतो तो या मागच्या शाफ्टमधूनच. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये टाकून मी खाली शिरलो. दारासमोर उतार फार नाही, पण शेवटचा नट सुटून शाफ्ट हातात आला आणि जीप वीतभर सरकली. मागच्या चाकामागे कुणीतरी टाकलेली अर्धी वीट होती म्हणून थांबली. शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला. चाकांना पुढून-मागून ओंडके लावल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. वर उचलायची असेल तर घोडीवरच (जॅक स्टँडवर), नुसत्या जॅकवर कधीच नाही.

शाफ्ट सोडण्याआधी खुणा करा, आणि त्या खडूने नको, रॉकेलने धुतल्यावर खडू राहत नाही. सेंटर पंचचा ठोका मारा, फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर) आणि स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर. याचं कारण असं: क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा भरभर आणि दोनदा सावकाश फिरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार पुसून टाकतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे) एका रेषेत असले तरच. स्प्लाइन एक दात पुढे-मागे बसली की सगळं नवं घालूनही गाडी थरथरते. ग्रीसच्या थराखाली कंपनीच्या बाणांच्या खुणा असतात, पुसून शोधा.

क्रॉस बसवताना हातोड्याला लांब ठेवा. व्हाइस आणि दोन सॉकेट, एक लहान ढकलायला, एक मोठा कप झेलायला, एवढं पुरतं. कप पूर्ण आत जात नाही, त्याला धरणारी लॉकची कडी खाचेत बसत नाही, असं झालं तर आत एखादा रोलर आडवा पडलाय. जोर लावलात की कप फुटलाच. बाहेर काढा, रोलर ग्रीसने भिंतीला चिकटवा, पुन्हा बसवा. लॉक बसल्यावर सांधा कडक वाटला तर ‘चालून मोकळा होईल’ म्हणू नका. योकच्या कानांवर प्लॅस्टिकच्या हातोडीने हलके टोले द्या, कप लॉकला टेकतात आणि सांधा सुटतो. मागच्या टोकाला यू-बोल्ट असतील तर तेही बेताने आवळा, जास्त आवळले की कप दबतो आणि रोलर अडकतात.

ग्रीस लिथियमचं, डब्यावर NLGI 2 लिहिलेलं. चारही कपांतून बाहेर डोकावेपर्यंत गन मारायची. ग्रीस भरायचा निपल गनला पोचेल अशा बाजूला आहे ना, हे बसवतानाच बघा. मी एकदा उलटा बसवलाय.

इंजिन-गिअरबॉक्स बदललेल्या जीपला शाफ्ट कापून घ्यावा लागतो. तेव्हा माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या, जॅकवर एक्सल लोंबतो आणि माप चुकतं. स्प्लाइनला आत सरकायला इंचभर जागा राहू द्या, नाहीतर खड्ड्यात शाफ्ट थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला ठोसा देतो. सोलापुरात लेथवाले पैशाला पासरी, पण लेथवर सेंटर काढणं म्हणजे बॅलन्सिंग नव्हे. वेल्डिंगनंतर शाफ्ट फिरवून बॅलन्स करणारं मशीन कुठे आहे ते आधी विचारा, मगच कापायला द्या. नळीवर चिकटवलेले लोखंडी तुकडे फालतू समजून कुणी घासून काढणार नाही एवढीही खबरदारी घ्या, बॅलन्स त्यांच्यावरच असतो.

बोल्ट हाय टेन्साइलच, लॉकनट नवेच. बसवून झालं की मी तुळजापूरला जाऊन येतो. घाटाचा चढ-उतार, येऊन-जाऊन नव्वदएक किलोमीटर. परत आल्यावर गाडी थंड झाली की पुन्हा खाली शिरून प्रत्येक नटाला पाना लावतो. गेल्या खेपेला एक नट पाव फेरा फिरला.