वरच्या पोटात दुखतंय? ॲसिडिटीची गोळी घ्यायच्या आधी हे बघा

बरगड्यांच्या खाली आणि बेंबीच्या वर कुठेही दुखलं की आपण लगेच म्हणतो ॲसिडिटी झाली, आणि बऱ्याचदा ती असतेही, पण तेवढ्याशा जागेत जठर, लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड सगळे खेटून बसलेत आणि वर लगेच हृदय आहे, त्यामुळे नुसतं "वर दुखतंय" यावरून डॉक्टरलाही काही कळत नाही. म्हणून नेमकं कुठं, कधी, किती वेळ आणि सोबत काय होतंय हे आधी नीट बघा.

पहिलं हार्ट. हार्ट ॲटॅकमध्ये काही जणांना छातीत दुखतच नाही, छातीखालच्या खळग्यात जड वाटतं, मळमळतं, घाम फुटतो, दम लागतो, आणि बायका, डायबेटिसवाले, वयस्कर माणसं यांच्यात हे जास्त दिसतं. असं असेल तर गॅस समजून पडून राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि ईसीजी काढा. जिना चढताना दुखतं आणि थांबलं की कमी होतं, हेही हार्टचंच लक्षण धरा.

ते नसेल आणि मधोमध जळजळ होत असेल तर जठराकडे बघा. उपाशीपोटी किंवा रात्री दुखतं आणि खाल्लं की बरं वाटतं, असं असेल तर लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असू शकतो, जठरातला अल्सर खाल्ल्यावर जास्त दुखतो (पण हे काही पक्कं नाही, उलटंही होतं). कारणं मुख्य दोनच, पेनकिलर आणि एच पायलोरी नावाचा जंतू. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणारे लोक पोटाची तक्रार करताना त्या गोळ्यांचं नावच काढत नाहीत! आणि जंतूचं म्हणाल तर बॅरी मार्शल या डॉक्टरनं 1984 मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला कारण अल्सर जंतूमुळे होतो यावर कुणी विश्वासच ठेवत नव्हतं, पुढे 2005 मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करायची असेल तर पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या साधारण 2 आठवडे आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, अर्थात बंद करायच्या त्या डॉक्टरला विचारूनच.

उजवीकडे बरगडीखाली, तेही तेलकट जेवणानंतर किंवा रात्री, दुखणं चढत जातं, अर्धा तास ते काही तास टिकतं, उजव्या खांद्याच्या मागे जातं, मग आपोआप थांबतं? पित्ताशयातले खडे. सोनोग्राफीत सहसा दिसतात, फक्त 6 ते 8 तास उपाशी जायचं, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं. खडे दिसले म्हणजे ऑपरेशन असं नाही, कित्येकांना काहीच त्रास होत नाही. पण दुखणं 5-6 तासांनंतरही थांबत नसेल आणि ताप असेल तर पित्ताशयाला सूज आलेली असू शकते, वाट बघू नका. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर लिव्हर किंवा पित्तनलिकेचं बघावं लागतं.

दुखणं आरपार पाठीत जातंय, उलट्या थांबत नाहीत आणि पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. कारण बहुतेक वेळा पित्ताशयातले खडे नाहीतर दारू. हे घरी बघायचं दुखणं नाही.

बाकीचं पटकन सांगतो. पोट कडक करून दाबल्यावर जास्त दुखलं तर ते स्नायूचं दुखणं असू शकतं. एकाच बाजूला कातडीची आग होतेय आणि काही दिवसांनी पुरळ आलं तर नागीण. अपेंडिक्सही आधी बेंबीच्या आसपास किंवा वर दुखून मग खाली उजवीकडे सरकतं. गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर उजवीकडे वर दुखतंय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय तर त्याच दिवशी बीपी तपासा.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शी (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते आठवून बघा), पोट एकदम कडक होणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही असेल तर लगेच इमर्जन्सीत जा. वजन उगाच कमी होतंय, घास अडकतोय किंवा पन्नाशी-साठीत पहिल्यांदाच हा त्रास सुरू झालाय तर गोळ्यांवर महिने काढू नका, एंडोस्कोपीचं (तोंडातून नळी घालून जठर आतून बघायची तपासणी) विचारा.

डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि दारू पीत असाल तर किती ते खरं सांगा, घरचे सोबत असतील तर त्यांना बाहेर बसायला सांगून सांगा.